आळीतलं बंद घर

रविवार हा एकट्या माणसाच्या मुळावर उठलेला वार आहे. इतर दिवशी निदान बँक उघडी असते, पोस्ट उघडं असतं, काहीतरी काम काढून बाहेर पडता येतं. रविवारी निमित्तच सापडत नाही आणि सकाळचा चहा दुपारपर्यंत पुरवून प्यावा लागतो. म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर लावलेला तो कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. जुन्या आळीतल्या जुन्या वास्तू पाहण्यासाठी रविवारी सकाळी पायी फेरी. छोटी, सोपी, कोणालाही जमेल अशी. चढ फारसा नाही. रत्नागिरीत चढ नाही असं लिहिणारं माणूस एक तर बाहेरचं असणार नाहीतर थापाडं, असं मनाशी म्हटलं आणि आत जाऊन नाव देऊन आले.

गंमत म्हणजे ती आळी माझीच. लग्न होऊन आले ती तिथेच, आणि आता पासष्टी उलटली तरी तिथेच आहे. स्वतःच्याच आळीची सहल करायला नाव नोंदवणारी बाई म्हणून मला माझंच हसू आलं. पण मला वास्तू कुठे बघायच्या होत्या? चार माणसांच्या सोबतीने तासभर चालायचं होतं, एवढंच.

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. ते शाळेत मास्तर होते, मी सरकारी कचेरीत कारकून. एकच मुलगी, ती ठाण्याला असते. मुलगी वाईट नाही, उलट जरा जास्तच चांगली आहे. गेल्या पावसाळ्यात मी तापाने अंथरुणाला खिळले आणि ते कोणालाच कळलं नाही. मोबाइल चार्ज करायचा राहिला होता. शेवटी तिनेच तिकडून कोणाकोणाला फोन करून डॉक्टर घरी पाठवला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद आहे, "आई, घर बंद करून इकडे ये." दिवाळीत तर तिने मुदतच घातली. शिमग्याला ती आणि जावई येणार, तोवर मी काय ते ठरवायचं. यायचं असेल तर जाताना ती मला घेऊन जाईल. यायचं नसेल तर पुन्हा विषय काढणार नाही. पुन्हा विषय काढणार नाही, या वाक्याचीच मला जास्त भीती वाटली.

घर बंद करणं याला आमच्या कोकणात वेगळाच अर्थ आहे. नुसतं कुलूप लावून कोणी बाजाराला गेलं तर त्याला घर बंद केलं असं म्हणत नाहीत. ज्याची माणसं मुंबईला गेली, जे गणपतीला आणि शिमग्याला तेवढं उघडतं, ते बंद घर. त्याची किल्ली शेजारी असते. शेजाऱ्याने तिन्हीसांजेला आत जाऊन देवापुढे दिवा लावायचा, पावसाच्या आधी कौलं बघायची, फणस पिकला तर वाटून टाकायचा. एके काळी आळीतल्या बऱ्याच घरांच्या किल्ल्या आमच्याकडे होत्या. संध्याकाळी हे दिवाबत्तीला निघाले की मी म्हणायची, निघाले आमचे जावईबापू घरोघरी. ते म्हणायचे, तुझ्या घरी दिवा कोण लावतं ते बघ आधी. पुढे ती घरं विकली गेली, तिथे इमारती झाल्या आणि किल्ल्यांचं कामच उरलं नाही.

आमच्या घराला दोन तोंडं आहेत. पुढचं दार वरच्या रस्त्याला. पडवी, अंगण, तुळस, सगळा थाट तिकडे. मागचं दार पाखाडीवर उघडतं. पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, ती खाली खाडीकडे उतरते. पुढच्या दाराला आतून अडसर आहे. भिंतीतल्या भोकात सरकवायचा तो सागवानी वासा रोज पहाटे मागे ढकलायचं काम यांचं. त्याच्या आवाजाने मला जाग यायची आणि मी रोज कुरकुर करायची की अहो, जरा हळू. ते गेल्यावर माणसं भेटायला येत होती तोवर दार उघडं राहिलं. मग पावसात लाकूड फुगलं, अडसर अडकून बसला, आणि मी मागच्या दाराने जा-ये करू लागले. दूधवाला मागे येतो, मासेवाली मागे येते. तुळशीचं एक रोपसुद्धा मी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून मागच्या दारी घेतलं. पुढचं दार उघडून मला कोणाची वाट बघायची होती?

तर त्या रविवारी सकाळी आम्ही जुन्या विहिरीपाशी जमलो. थंडी सरत आली होती आणि सगळीकडे आंब्याच्या मोहराचा वास सुटला होता. फेरी काढणारी मुलगी आर्किटेक्ट होती, तिशी-पस्तिशीची. मारुती मंदिराकडच्या नव्या वस्तीत राहणारी, पुण्याला शिकून परत आलेली. गळ्यात छोटा लाऊडस्पीकर अडकवला होता. मंडळींत पुण्याचं एक जोडपं होतं, दोघांच्या टोप्या एकसारख्या. देवरूखच्या कॉलेजातल्या काही मुली होत्या, आणि गणपतीपुळ्याला आलेले आणि वाट वाकडी करून इकडे वळलेले काही लोक. तिने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुठून आलात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "इथलीच."

"अरे वा," ती म्हणाली, "आता इथले लोकही यायला लागले." आणि पुढच्याकडे वळली. अगदी या आळीतलीच, असं मला पुढे म्हणायचं होतं, पण तोवर पुण्याच्या बाई आपल्या गुडघ्यांबद्दल सांगू लागल्या होत्या.

मुलगी सांगत छान होती, हे कबूल करायलाच हवं. चिरा जमिनीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवेत राहिला की टणक होतो, हे तिने विहिरीच्या काठावर हात ठेवून सांगितलं. विहिरीच्या आतल्या भिंतीत एक कोनाडा आहे. तो दिवा ठेवायला केलेला, असं ती म्हणाली. मला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही सगळ्या सुना त्यात कपड्याचा साबण ठेवायचो आणि दुसरीचा साबण जास्त झिजलेला दिसला की संशयाने बघायचो. हे आठवून मी हसले तर पुण्याच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग मी गंभीर तोंड केलं.

पुढे आफ्रिकेत व्यापार केलेल्या एका मुसलमान कुटुंबाचा माडीचा बंगला लागला. त्याच्या खिडक्यांना अजून लाल-निळ्या काचा आहेत. मुलगी काचा कुठून आल्या असतील ते सांगत होती. मला त्या घरातून ईदला येणारा शिरखुर्मा आठवत होता, आणि तो आणून देणाऱ्या बाई. त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, गरम आहे तोवर खाऊन घे, मग मास्तरांना ठेव. त्यांचा मुलगा दुबईला आणि त्या आता कुठे, मला माहीत नाही. बंगल्याला कुलूप होतं.

त्याच्या पुढे उताराला जुनं सूतिकागृह. आता तिथे प्लायवूडचं गोदाम आहे. माझी मुलगी तिथेच झाली. हे दिवसभर समोरच्या कट्ट्यावर बसून होते, आणि मुलगी झाल्याचं कळल्यावर आत यायचं सोडून आधी घरी जाऊन आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, पहिल्यांदाच भेटायचं तर असं कळकट कसं यायचं? ही गोष्ट इतकी आमची आहे की ती आठवली की मला कोणालातरी सांगावीशी वाटते. मी पुण्याच्या बाईंना म्हटलं, "माझी मुलगी इथेच झाली." त्या म्हणाल्या, "हो का, छान," आणि फोन वर धरून गोदामाच्या कमानीचं चित्रण करू लागल्या. चित्रणात बोलणं येऊ नये म्हणून मी गप्प राहिले. त्यांचं काही चुकलं नाही. त्या कमान बघायला आल्या होत्या.

मग आम्ही आळीच्या दुसऱ्या टोकाची पाखाडी चढून वरच्या रस्त्याला लागलो. चढ नाही म्हणे. सगळे धापा टाकत होते. वळण घेतलं आणि समोर आमचं घर आलं.

मी ते पुढून कितीतरी महिन्यांनी बघत होते. फणसाची पानं अंगणात घोट्यापर्यंत साचली होती. पडवीच्या खांबांना कोळ्यांनी जाळी धरली होती. वृंदावनात तुळशीची नुसती काटकी उभी होती. दारावरच्या आंब्याच्या तोरणाची पानं गळून नुसता दोरा लोंबत होता. हे घर कोणाचंही असेल, आपलं नसेल, असं क्षणभर वाटलं. मी चालता चालता थांबले.

"हा आपल्या आजच्या फेरीतला सगळ्यात सुंदर नमुना," मुलगी म्हणाली. तिने छपराची ठेवण दाखवली, खांबांवरचं कोरीव काम दाखवलं, जोतं किती उंच आहे ते दाखवलं. तिला ते घर खरंच आवडलं होतं. मला आत कुठेतरी बरंही वाटत होतं. मग तिचा आवाज खाली आला. "पण आता हे बंद घर आहे. मालक मुंबईला असतात. आत कोणी राहत नाही. समोरच्या इमारतीत मी चौकशी केली, तर त्यांनीही इथे कधी कोणाला पाहिलेलं नाही." तिने वृंदावनाकडे बोट केलं. "तुळस बघा."

सगळ्यांनी तुळशीकडे पाहिलं. कोणीतरी हळहळलं.

मी बोलायला हवं होतं. स्वयंपाकघरात माझी डाळ भिजत होती. मागच्या दारी दोरीवर माझं लुगडं वाळत होतं. अहो, मी आहे की, एवढे शब्द पुरे होते. पण मला रडू येत होतं आणि अनोळखी लोकांसमोर मला रडायचं नव्हतं. दिवाळीपासून मी एकच गोष्ट ठरवत होते, घर बंद करायचं की नाही. रात्र रात्र डोकं पिकवलं होतं. आणि इथे आळीने मला न विचारता ते केव्हाच बंद करून टाकलं होतं.

देवरूखच्या मुली फोटो काढू लागल्या. मी फाटकाजवळच उभी होते. त्यांतली एक जवळ आली आणि फार नम्रपणे म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का? घर पूर्ण येत नाहीये."

मी बाजूला झाले.

तो आठवडा मी सगळ्यांवर रागावण्यात घालवला. आधी त्या आर्किटेक्ट मुलीवर. मग समोरच्या इमारतीतल्या लोकांवर, ज्यांना गॅलरीत कपडे वाळत घालताना समोरचं माणूस दिसत नाही. मासेवाली मागच्या दारी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली आणि हसत सुटली.

"मग सांगायचं नाय होय गो? तोंड काय शिवलेलं होतं तुझं?"

मी म्हटलं, "सुचलं नाही."

बांगडे निवडता निवडता ती म्हणाली, "खरं सांगू? मी मागल्या दारी येते म्हणून मला म्हाईत तू हायस. पुढल्या रस्त्यानं जाते ना, तेव्हा मलापण वाटतं, मास्तरांचं घर बंद पडलं." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने एक बांगडा जास्तीचा टाकला. तो मी परत करायला गेले तर रागावली.

मुलीचा फोन आला. "ठरलं का काही?" मी म्हटलं, बघू. फेरीबद्दल तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी काय म्हणते. आणि मला वाटायला लागलं होतं की ती बरोबरच म्हणते. जे घर बंदच आहे ते बंद करायला एवढा विचार कशाला लागतो? दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची बॅग खाली काढली, पुसली, तिची चेन चालते का बघितलं. चार चांगल्या साड्या घडी करून आत ठेवल्या. यांचा स्वेटर ठेवावा की नाही ते कळेना, म्हणून तो खुर्चीवर तसाच राहिला. बॅग उघडीच ठेवून मी झोपले.

मग पुन्हा रविवार आला. मी स्वयंपाकघरात नारळ खवत बसले होते. पुढून, वरच्या रस्त्याकडून, लाऊडस्पीकरचा आवाज आला. छप्पर, खांब, जोतं, सगळं त्याच क्रमाने. मी खवणीवर तशीच बसून ऐकत राहिले. आपल्याच घरात बसून आपल्या घराची माहिती ऐकणं फार विचित्र असतं. मग तिचा आवाज खाली आला, अगदी गेल्या वेळेसारखाच. "आत कोणी राहत नाही."

माझं डोकंच सणकलं. गेल्या वेळी रडू आलं होतं, या वेळी संताप आला, आणि संतापाने मला पूर्वीपासूनच बळ येतं. कचेरीतले साहेब साक्ष देतील. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला, ओटीवर पुढच्या दाराशी गेले आणि अडसराच्या टोकावर घाव घालायला सुरुवात केली. अडसर हलेना. मी आणखी जोराने हाणलं. कौलांतून माती खाली पडायला लागली, एक पाल घाबरून वाशावरून पळाली. बाहेर लाऊडस्पीकर एकदम बंद झाला.

बाहेरून एक पुरुषाचा आवाज आला, "आत काहीतरी आहे." कोणीतरी हसलं, पण ते हसणं काही खरं नव्हतं. कोकणातल्या बंद घरातून भर सकाळी दणके ऐकू आले तर माणसांनी आणखी काय करावं? मला त्या तशा अवस्थेतही हसू फुटलं. मी आणखी एक घाव घातला आणि अडसर करकरत मागे सरला.

दार उघडलं तेव्हा उजेडाने माझे डोळे दिपले. पायरीखाली पाचोळ्यात माणसांचा घोळका उभा होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. डोक्यावर कौलांची माती, पदर खोचलेला, हातात वरवंटा.

"अगंबाई, काकू, तुम्ही?" ती मुलगी पुढे आली. "गेल्या रविवारी होतात ना आमच्याबरोबर?" मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्याचं दिसलं. "म्हणजे या घराची किल्ली तुमच्याकडे असते होय. मागून आलात वाटतं दिवाबत्तीला?"

मी तिला दोष देणार नाही. ती कोकणातलीच मुलगी. बंद घराच्या दारात म्हातारी बाई दिसली तर ती किल्ली सांभाळणारी शेजारीण असणार, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पुण्याची मुलगी असती तर तिने सरळ विचारलं असतं, तुम्ही इथे राहता का.

"किल्ली माझ्याकडेच असते," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"मग पाचच मिनिटं आत येऊन बघू का? असं उघडं कधी मिळत नाही हो." उत्तराची वाट न बघता दोन-तीन जण पडवीत चढलेही होते. कोणी खांबावरून हात फिरवत होतं. एका गृहस्थांनी बुटांसकट ओटीवर पाऊल टाकलं, मान वर करून तुळया बघायला लागले आणि कोणालातरी म्हणाले, बघ, एक खिळा नाही. मी दाराला टेकून उभी होते. ते सगळे माझ्या बाजूने असे जात होते, जसं देवळात खांबाच्या बाजूने जातात.

"मालकांची हरकत नसेल ना?" मुलीने विचारलं. "मालक कधी येतात?"

मालक. आळीतल्या साऱ्या बायका आपापल्या नवऱ्याला मालक म्हणायच्या. मी नोकरी करणारी बाई, मला तो शब्द जुनाट वाटायचा, मी कधी वापरला नाही. पण दारी कोणी गडीमाणूस आला की विचारायचा, वहिनी, मालक आहेत का? आणि मी आतून ओरडायची, आहेत, पडवीत बघ, पेपरात तोंड घालून बसले असतील. त्या दारात उभं राहून मालक म्हटलं की माझ्यासाठी दुसरा कोणी नव्हताच.

"मालक गेले," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो ना," ती हळहळून म्हणाली, "सगळे मुंबईलाच जातात."

"नाही गो," मी म्हटलं. "मुंबईला नाही. वारले. मी त्यांची बायको. मी इथे राहते."

हे वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, कारण ते ऐकायला कोणी नसायचं. मला वाटलं होतं की आवाज कापेल. तो कापला नाही.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती, मग तिने मान खाली घातली, आणि तिची नजर आपल्या पायांकडे गेली. ती वळली, पायऱ्या उतरून खाली गेली आणि तिने चपला काढल्या. तिचं बघून तुळया बघणारे ते गृहस्थ लगबगीने बाहेर आले, पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. नाडीला गाठ बसली होती, ती सुटेना, आणि ते मान वर करून माझ्याकडे बघेनात. बाकीचेही एकेक करून खाली उतरले. आमच्या पायरीशी चपलांची रांग लागली. ती बघून मला जे भरून आलं ते मला लपवता येईना, म्हणून पाणी आणते असं सांगून मी आत गेले.

ते सगळे ओटीवर सतरंजीवर बसले. मी पाणी आणि गूळ दिला. आता ते हळू बोलत होते. एका बाईंनी भिंतीवरच्या यांच्या फोटोला नमस्कार केला. एकाने विचारलं, एकट्याच असता का, आणि मी हो म्हटलं. ती आर्किटेक्ट मुलगी माझ्यामागून स्वयंपाकघरात आली, तिने अर्धवट खवलेला नारळ बघितला, पलीकडच्या खोलीतला खुर्चीवरचा स्वेटर बघितला, खाटेवरची उघडी बॅग बघितली.

"काकू, मी नीट चौकशी करायला हवी होती."

"तुझं काही चुकलं नाही," मी तिला म्हटलं. "पुढून बघशील तर तसंच दिसतं."

थोड्या वेळाने ते उठले. फेरीतली बाकीची ठिकाणं राहिली होती. सगळ्यांनी येतो म्हटलं, मीही या म्हटलं. लाऊडस्पीकर वळणापुढे जाईपर्यंत मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. मग आवाज बंद झाला आणि घर पहिल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं. इतकी माणसं एकदम येऊन गेल्यावर एकटीने भांडी विसळताना जे वाटतं ते मला सणासुदीच्या दिवसांपासून ओळखीचं आहे. उरलेला नारळ खवला, आमटी केली, जेवले. माझ्या एकटीपुरतं जेवण नेहमीसारखंच उरलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने विचारायच्या आधी मीच म्हटलं, "शिमग्याला या तुम्ही दोघं. पण मी तुमच्याबरोबर येत नाही."

ती भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. तिने का म्हणूनही विचारलं नाही. तिने तिकडे चालू असलेला मिक्सर बंद केला.

"आई," ती म्हणाली, "एकटी काय करणार तू तिथे?"

मी खरंच विचार केला. वाचनालय, बँक, मागच्या दारी मासेवाली. यातलं काही तिला उत्तर म्हणून सांगण्यासारखं नव्हतं. पुढचं दार अजून उघडं होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"राहीन," म्हटलं.